म्हैस, सासूबाई आणि अठरा टक्के

सासूबाईंनी चहा पिता पिता जाहीर केलं की त्यांचा भिंतीवर लावायचा फोटो आत्ताच काढून ठेवायचा. "ह्यांच्या वेळी ऐनवेळी रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून आणलात. तेरा दिवस समईमागून चोरासारखे बघत होते बिचारे. माझं तसलं काही नको."

वय चौऱ्याऐंशी, तब्येत माझ्यापेक्षा बरी. पण मागणी वाजवी होती आणि घरात कॅमेराही होता. पुण्याच्या भाच्यानं नवा मिररलेस घेतला आणि जुना डीएसएलआर "मावशी, आता निवृत्त झालीयेस, शीक" म्हणत मला दिला. आमच्या नात्यात जुना फ्रीज, जुना टीव्ही असाच पुण्याहून साताऱ्याकडे वाहत येतो. वरच्या चकतीवर एक हिरवी खूण असते, तिथे ठेवलं की सगळं कॅमेराच ठरवतो. मी आनंदानं तिथेच ठेवला. त्यावर भाचा म्हणाला, "मग मोबाइल काय वाईट होता?" हे लागलं. चकती एमवर, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं त्या खुणेवर गेली आणि माझ्या हालअपेष्टांना सुरुवात झाली.

पहिला अडसर अॅपर्चरचा. भिंगातलं भोक किती उघडायचं, ते त्यानं ठरतं. पण आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. एफ चार म्हणजे मोठं, एफ सोळा म्हणजे बारीक. तीन दिवस मी उलटंच करत होते. मग एका रात्री ट्यूब पेटली. अहो, हा तर अपूर्णांक! खाली भिंगाची फोकल लेंग्थ किती भागांत वाटली ते सांगितलंय. तीस वर्षं मी चौथीच्या पोरांना छेद मोठा तर अपूर्णांक लहान हे फूटपट्टी आपटून शिकवलं, आणि आता स्वतःच कोपऱ्यात उभं राहायची वेळ आली होती.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांना ते तीन दिवस वगैरे काही लागले नाहीत. नवे पैसे 1957 साली आले, त्या तेव्हा सोळा वर्षांच्या. "एकाला सोळा म्हणजे एक आणा. एकाला आठ म्हणजे दोन आणे, एकाला चार म्हणजे चार आणे. चवलीपेक्षा पावली मोठी, त्यात काय कळायचं?" तेव्हापासून आमच्या घरात अॅपर्चर आण्यांत मोजतात. फक्त एक गोम आहे: दोन आण्यांवरून चार आण्यांवर गेलं की उजेड दुप्पट नाही, चौपट येतो, कारण भोकाचं क्षेत्रफळ मोजायचं. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. व्याजाचा दर लपवल्यासारखं वाटतं.

शटरचं तसं सोपं. सेकंदाचा कितवा भाग डोळा उघडा ठेवायचा, एवढंच. एक साठांशापेक्षा जास्त वेळ माझा हात स्थिर राहत नाही, माणसांना दोन दोन नाकं येतात. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची नजर किती तीक्ष्ण करायची ते; तो वाढवला की अंधारातही दिसतं, पण चेहऱ्यावर रवा पेरल्यासारखा येतो. उजेड कुठला ते सांगून रंग जुळवायचा व्हाइट बॅलन्स मात्र खट आहे. तो एकदा बल्बवर राहून गेला आणि अंगणातलं सगळं कुटुंब निळं झालं. हे म्हणाले, "नीळ जास्त झाली वाटतं."

तर, सासूबाईंची पहिली बैठक. पांढरं पातळ, पांढरे केस, मागे नुकतीच चुना मारलेली भिंत. मी एमचा नाद तेवढ्यापुरता सोडून चकती एवर आणली. भोक मी ठरवायचं, बाकी कॅमेऱ्यानं. सात फोटो काढले. सातही फोटोंत पातळ, केस, भिंत सगळं राखेनं घासल्यासारखं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "धुवायला टाकलेलं पातळ नेसवून काढलास का?"

मी उजेडाला दोष दिला आणि सरावासाठी बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला गोठा आहे. गवळी माझाच जुना विद्यार्थी, अपूर्णांकात कायम कच्चा. त्याला मुऱ्हा म्हैस विकायची होती आणि गिऱ्हाइकाला पाठवायला फोटो हवा होता. म्हैस काळीभोर, शिंगं जिलबीसारखी वळलेली, अंगाला तेल चोळून उभी केलेली. मी जवळ जाऊन चौकट म्हशीनं भरून टाकली आणि खटके ओढले.

पडद्याकडे बघून तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई, ही म्हस कुनाची?"

"तुझीच की रे."

"न्हाई बाई. माझी काळी हाय. हिला कायतरी झालंय."

फोटोत सिमेंटच्या पोत्याच्या रंगाची म्हैस उभी होती. मी विचार केला, काळ्या म्हशीला उजेड कमी पडला असणार. फोटो उजळ किंवा गडद करायची प्लस-वजाची पट्टी असते, ती प्लस एकवर नेली. म्हैस आणखी पांढरी पडली. प्लस दोनवर तर तिचं भूतच झालं. गवळ्यानं न बोलता खऱ्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, खात्री करून घ्यायला.

गोठ्यातूनच भाच्याला फोन लावला. तो हसून हसून बेजार. मग सांगितलं की कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळतच नाही. त्याला परत आलेला उजेड तेवढा मोजता येतो, आणि समोरचं जग सरासरी अठरा टक्के उजेड परत फेकतं असं तो धरून चालतो. म्हणजे मध्यम करडं. म्हैस दिसली की त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो वाढवतो. सासूबाई दिसल्या की वाटतं जास्त झाला, तो घटवतो. दोघींनाही खेचून करड्यावर आणतो.

अठरा टक्के म्हटल्यावर मला आधी जीएसटीच आठवला. तोही असाच, समोर कोण आहे ते बघत नाही. आणि मागच्या सप्टेंबरात कासच्या पठारावर धुक्याचे दोनशे फोटो गढूळ पाण्यासारखे का आले, याचाही उलगडा झाला. त्या दिवशी मी साताऱ्याच्या हवेला बोल लावला होता.

म्हणजे काळ्याला वजा आणि पांढऱ्याला प्लस. मनाला पटत नाही, पण हातानं केलं. वजा दीडवर म्हैस अशी उतरली की काय सांगू! डांबरासारखी काळी, पाठीवर तेलाची चमक, डोळ्यांत चक्क गोठ्याचं दार दिसतंय. गवळी खूश झाला, मग फोटो मोठा करून बघू लागला आणि त्याचं तोंड उतरलं.

"बाई, कानातली गोचीड बी आलीय की."

"मग? चांगला स्पष्ट आलाय."

"एवढं स्पष्ट नगं. गिऱ्हाइकाला दाखवायचंय."

गोचीड काढून, कान पुसून पुन्हा सगळं केलं. घरी आले तेव्हा कार्डावर म्हशीचे एकशे चाळीस फोटो होते. पूर्वी रोलमध्ये छत्तीस यायचे आणि त्यांत अख्खं लग्न बसायचं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंची दुसरी बैठक. पट्टी म्हशीच्या वजा दीडवरच राहिलेली, त्यामुळे पहिल्या फोटोत घरात अमावास्या. ते गुपचूप पुसलं आणि प्लस दीडवर गेले. पातळ दुधासारखं, केस चांदीसारखे, भिंतीचा चुना चुन्यासारखा. मी धावत दाखवायला नेलं. बटण दाबताना बोट चुकलं आणि म्हैस पुढे आली. सासूबाई थांबल्या. चष्मा पुसला. म्हैस पाहिली, मग स्वतःला पाहिलं, मग पुन्हा म्हैस.

"हिचे किती काढलेस?"

"एकशे चाळीस."

"आणि माझे?"

"कालचे सात, आजचे... चार."

त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "बस इथेच. मी जरीकाठी नेसून येते."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. इकडे कॅमेऱ्यावर बॅटरीची खूण लाल होऊन लुकलुकायला लागली होती.