लाईन गेली? कुठली?

गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत कुणी ‘लाईन गेली’ असे म्हटले, तर हळहळण्याआधी ‘कुठली?’ असे विचारावे, ही माझी सर्वांना नम्र पण ठाम सूचना आहे. त्याच्या घरचा करंट गेलेला असू शकतो, नळाचे पाणी गेलेले असू शकते, मोबाइलचे नेट गेलेले असू शकते, किंवा कॉलेजात रोज समोरच्या बाकावर बसणारी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेलेली असू शकते. पहिल्या प्रकारात वीजखात्याच्या १९१२ या नंबरला फोन लावता येतो. शेवटच्या प्रकाराला हेल्पलाईन नाही.

हा शब्द मुळात लॅटिनमधल्या जवसाच्या नावावरून निघाला. जवसाच्या वाखाचा ताणलेला दोरा, एवढाच त्याचा संसार. इंग्रजांनी त्याला कवितेची ओळ, कपाळावरची सुरकुती, आगगाडीचा मार्ग अशा बढत्या दिल्या आणि आपण त्याला सरळ घरात घेतले: पोरगा सायन्स लाईनला, काका शिपिंग लाईनला, आणि दोघांनाही लाईनीवर आणायचे काम आजीकडे.

मूळ दोरा आता फक्त गवंड्याच्या पिशवीत उरला आहे. चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, भिंत घालताना दोन टोकांचे चिरे आधी ओळंब्यात आणि पातळीत बसवतात, त्यांच्या वरच्या कडेला लाईनदोरी ताणतात आणि मधले चिरे तिच्या बेताने लावतात. यात एक बारीक नियम आहे. चिरा दोरीला टेकवायचा नाही, दोराभर आत ठेवायचा. एक चिरा टेकला की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढचा चिरा त्या ढकललेल्या दोरीच्या विश्वासावर बसतो, आणि खिडकीपर्यंत पोचेस्तोवर भिंतीला पोट सुटते. भिंत लांब असेल तर दोरी मध्येच झोळ धरते, म्हणून मध्यावर एक चिरा आधी पातळीत बसवून तिला टेकू द्यावा लागतो. मालक हे काहीच बघत नाही. तो सावलीत उभा राहून ‘लाईनीत आहे ना?’ एवढेच विचारतो आणि गवंडी ‘एकदम लाईनीत’ म्हणतो. पुढे ते पोट प्लास्टरखाली झाकले जाते. सिमेंटच्या गोणी तेवढ्या जादा लागतात.

पण खरा छळ करंटच्या लाईनीचा. गोव्याची जवळपास सगळी वीज राज्याबाहेरून येते. जाते मात्र आपल्याच वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, माडामुळे. सुकलेले चुडत, म्हणजे झावळी, वाऱ्याने सुटून दोन तारांवर आडवे पडते, तारा एकमेकींना भेटतात, ठिणगी उडते आणि खांबावरचा किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी असलेला फ्यूज देह ठेवतो.

अशा वेळी पहिली पायरी म्हणजे खिडकीतून शेजाऱ्याकडे बघणे. याचा सराव आपल्याला असतोच. तिथेही अंधार असेल तर जिवाला बरे वाटते आणि माणूस शांतपणे मेणबत्ती शोधतो. तिथे उजेड असेल तर दोष आपल्या घरात. मेन बोर्डावर ‘आरसीसीबी’ नावाचे जरा रुंद बटण असते. करंटची गळती ३० मिलीअँपिअरच्या आसपास गेली की ते आपोआप खाली पडते, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या घराला तेवढी गळती जड नाही. ते वर केले की पडते, म्हणून लोक त्याला बोटाने वर धरून ठेवायला बघतात. तसे करू नये, उपयोगही नाही. खालच्या सगळ्या एमसीबी, म्हणजे घरातल्या एकेका भागाची छोटी बटणे, बंद कराव्यात, आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावी. जिच्यावर तो पुन्हा पडेल ती गुन्हेगार. बहुतेक वेळा ती गेटवरच्या दिव्याची निघते, कारण तिथल्या होल्डरात पाणी शिरलेले असते. एमसीबी बंद करूनही पडत राहिला तर न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेत, गळती आहे असे समजावे आणि वायरमनला बोलवावे. तो ‘उद्या येतो’ म्हणेल. ‘उद्या’ याचा अर्थ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एकाआड एक, दोनाआड एक अशी घरे अंधारात दिसली तर एक फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेला. खांबावर तीन फेजच्या तारा आणि चौथी न्यूट्रलची. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजच्या मध्ये सुमारे ४००. वाड्यावरची घरे या तीन फेजवर वाटून दिलेली असतात. ज्यांच्याकडे थ्री फेज मीटर आणि चेंजओव्हर असतो, ते खट्कन दांडा फिरवून चालू फेजवर येतात. त्यांचे बघून दुसरे येतात. एसी, फ्रीज, गीझर सगळे त्याच एका फेजवर, आणि थोड्या वेळात तोही फ्यूज उडतो. वाड्यावर समानता येते ती अशी.

यात विहिरीवरचा थ्री फेज पंप चालू असेल तर धावत जाऊन बंद करावा. चालता पंप उरलेल्या दोन फेजवर रेटत राहतो, जादा करंट ओढतो आणि वाइंडिंग जाळून घेतो. बंद असलेला पंप सुरू करायला गेलात तर फिरत नाही, नुसता घुंऽऽ करतो. ‘जरा वेळ घुंऽऽ करू दे, धरेल’ असे सांगणारा एक वडीलधारा प्रत्येक घरात असतो. त्यांच्यासाठीच बाजारात सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की पंप आपोआप बंद करणारा डबा, मिळतो. रिवाइंडिंगच्या मानाने तो फार स्वस्त पडतो, पण रिवाइंडिंग एकदा केल्याशिवाय तो घ्यावा असे कुणाला वाटत नाही.

सर्वांत कपटी तो न्यूट्रल. खाऱ्या हवेत तारेचा जोड गंजतो, सैल होतो आणि एका वादळी रात्री सुटतो. मग कुणाच्या घरात किती व्होल्ट जाणार हे दुसऱ्याच्या घरात काय चालू आहे यावर ठरते. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढत पार ४०० च्या दिशेने जाते. ज्या फेजवर भार जास्त, तिथे दिवा लाल होऊन डोळे मिचकावतो. पंखा अचानक उत्साहाने फिरू लागला, बल्ब लखलखला, तर ‘आज करंट फुल्ल!’ म्हणून खूश होऊ नका. मेन स्विच खाली करा, तोही आधी. टीव्हीचा रिमोट शोधत बसू नका, तेवढ्यात टीव्ही जातो.

आणि तार तुटून खाली पडली असेल तर इथे विनोद थांबवतो. जवळ जायचे नाही, गुरांना आणि मुलांनाही जाऊ द्यायचे नाही, निदान १० मीटर लांब राहायचे. बांबूने बाजूला करायला तर मुळीच जायचे नाही, ओला बांबू करंट वाहतो. फोन करताना ‘आमच्या घराकडे’ न सांगता कुठला ट्रान्सफॉर्मर ते सांगावे. देवळामागचा, चॅपेलकडचा, तिठ्यावरचा, काहीही. भर पावसात खांबावर चढणाऱ्या लाईनमनला निदान खांब तरी लवकर सापडावा. हाच माणूस मे महिन्यात फांद्या छाटायला दिवसभर लाईन बंद ठेवतो, तेव्हा आपण उकाड्यात बसून त्याचा उद्धार केलेला असतो.

लाईन आली की फ्रीज लगेच लावू नये, पाच मिनिटे थांबावे. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. नाहीतर तोही पंपासारखा घुंऽऽ करतो.

रांग या अर्थाची लाईन गोव्यात अस्तित्वात आहे, हे पटवण्यासाठी पाहुण्यांना कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, पणजी-मडगाव शटलवर न्यावे. खिडकीवर तिकीट, मागे माणसे, एकामागे एक. बघून भरून येते. मग त्यांना दिवाडीच्या फेरीबोटीवर नेऊ नये. त्या बेटाला रस्त्याचा पूल नाही, त्यामुळे सगळी भिस्त फेरीवर. गाड्या शहाण्यासारख्या ओळीत उभ्या असतात आणि स्कूटरवाल्यांची प्रामाणिक समजूत असते की लाईन ही चार चाकांसाठी असते.

रेल्वेची लाईन त्याहून शिस्तीची, म्हणून तिचा छळही शिस्तीत होतो. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, पण तिचा बहुतेक मार्ग अजून एकेरी आहे. पुढच्या स्टेशनाने ‘लाईन क्लिअर’ दिल्याशिवाय, म्हणजे मधला टप्पा मोकळा आहे अशी हमी दिल्याशिवाय, गाडी सुटत नाही. म्हणून ती पेडण्याला उभी असते. डब्यातले कुणीतरी ‘इंजिन बिघडले’ असे जाहीर करते, तेवढ्यात समोरून गाडी धडधडत जाते, आणि तोच गृहस्थ ‘क्रॉसिंग होते, मी म्हटलेच होते’ म्हणतो.

राहिली पाण्याची लाईन. ती गेली तर फार काही करता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मोठ्या वाहिन्या फुटल्या, तेव्हा तिसवाडी आणि फोंड्यातल्या भल्याभल्यांनी बादल्यांशी ओळख करून घेतली. करायचे असते ते लाईन आल्यावर, आणि नेमके तेव्हाच लोक गीझर उघडतात. पहिले पाणी गढूळ असते. कोरड्या नळीत बसलेला गाळ तेच ओढून आणते. म्हणून अंगणातला सर्वांत खालचा नळ आधी सोडावा, पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू द्यावे, ते माडाला घालावे, मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा. फिल्टर सर्वांत शेवटी. काही हुशार लोक लाईनीलाच पंप लावून पाणी खेचतात. तसे करायला बंदी आहे, शिवाय नळीत दाब उणा झाला की फटींतून गटाराचे पाणी आत येते आणि ते पहिल्यांदा त्यांच्याच टाकीत पडते, हा त्यातला न्याय.

पाण्याआधी नळातून फुस्सऽ फुस्स करीत हवा येते. ती पुढे निघालेली असताना मीटरकडे बघा. पात्याच्या मीटरला हवा आणि पाणी यातला फरक कळत नाही, तो हवेवरही फिरतो, आणि पाण्यापेक्षा जोरात फिरतो. म्हणून मीटरजवळचा कॉक पाणी गेल्यावर बंद करून ठेवावा आणि शेजारच्या घरी बादली भरल्याचा आवाज आल्यावरच, अर्धा, हळूहळू उघडावा.