उपकेंद्राला कुलूप, पावसाळा तोंडावर

इमारत आहे, फलक आहे, माणूस नाही! डोंगरी भागात ३००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हवा. भरती निघते, तीही कंत्राटी. घाटावरचा उमेदवार रुजू होतो आणि राहायला खोली शोधत फिरतो. क्वार्टर गळकं, विहिरीला पंप नाही, शेवटची एसटी संध्याकाळीच जाते. कोण टिकेल?

आणि काम किती नाजूक! फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं की रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं; गोठलं नाही तर प्रतिविष लागतंच. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका असेल तिथे लावणीच्या चिखलात उतरणाऱ्या मोठ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक २०० मिलिग्रॅम, गरोदर बाईला मात्र नाही. हे कोणी विचारून, पारखून द्यायचं? आधी ते छप्पर शाकारा, मग जाहिरात काढा.