समुद्राजवळ राहता का, मॅडम?

नवी कोरी गाडी. सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढायचंय, बॉनेटवर दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक तसंच, आणि ड्रायव्हर सीटच्या रुळांना गंज! सीट पुढे ओढायला खाली हात घातला (उंची बेताची, गाडीत बसल्यावर आमचं पहिलं काम तेच) तर बोटं तांबडी. मोबाइलचा टॉर्च मारला. रूळ गंजलेले, सीटचे बोल्ट गंजलेले, दाराच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूंना नारिंगी कडा. डिकीतलं मॅट उचललं, तर स्टेपनीचा बोल्ट आमच्या आजोळच्या विहिरीवरच्या रहाटासारखा.

ब्रेकच्या डिस्कचं मला सांगायला कुणी येऊ नका. गाडी धुतली की रातोरात डिस्क तांबूस होते, दोनदा ब्रेक दाबला की साफ. बीडच ते, होणारच. पण हे गाडीच्या आतलं आहे हो! छपराखालचं. पावसात भिजायचं नाही म्हणूनच तर मी कर्ज काढून चारचाकी घेतली.

गेले तणतणत शोरूमला. ॲडव्हायजरचं पहिलं वाक्य, "सर नाही आले?" सरांना गाडी येत नाही रे बाबा. बुकिंग माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, लायसन्स माझं, तरी टेस्ट ड्राइव्हपासून हे लोक मायलेज सांगतात ते सरांकडे बघून. आणि सर बिचारे मान डोलावतात!

मग त्याने वाकून बघितलं. "हे नॉर्मल आहे मॅडम, सगळ्याच गाड्यांना असतं." ठीक, हे येणार हे धरूनच गेले होते. पण त्यानंतर टॅबलेटवर काहीतरी टिपत, एकदम डॉक्टरी गंभीरपणे, "तुम्ही समुद्राजवळ राहता का?"

अरे, रत्नागिरीत राहते! तूही रत्नागिरीतच राहतोस! तुझं शोरूम कुठे आहे, विदर्भात? समुद्र काय मी बुकिंग केल्यावर आला का इथे? आणि खारी हवा आम्हाला शिकवतोस? आमच्याकडे खिडक्यांची ग्रिलं दर उन्हाळ्यात घासून, रेड ऑक्साइड मारून, मग ऑइलपेंट लावतात. फ्रिजचे पाय, एसीचं बाहेरचं डबडं, गेटच्या कड्या, सगळं कसं नि कधी गंजतं हे शेंबडं पोरही सांगेल. खाऱ्या हवेलाही जरा वेळ द्यावा लागतो. दसऱ्याला घरी आलेल्या गाडीच्या सीटखाली शिरून दिवाळीच्या आत बोल्ट खाणारी हवा अजून आमच्या किनाऱ्यावर सुटलेली नाही.

एवढं ऐकवल्यावर त्याने एका मुलाला बोलावलं. त्याने स्प्रे मारला, पिवळ्या फडक्याने पुसलं. "बघा मॅडम, गेला!" सकाळी परत हजर. आणि याच्यावर कडी म्हणजे निघताना, "अंडरबॉडी अँटीरस्ट कोटिंग करून घ्या ना, ऑफर चालू आहे." म्हणजे गंज यांचा, तो झाकायचे पैसे माझे. त्यात गंजावरच ते काळं फासलं की ओल आत कोंडणार आणि पत्रा आतल्या आत सडणार, वरून कळणारही नाही.

आरसीवर उत्पादनाचा महिना जून. आता समजलं का? जीएसटी उतरणार अशी घोषणा 15 ऑगस्टला झाली, लोकांनी हात आखडते घेतले, 22 सप्टेंबर 2025 ला लहान गाड्यांचा 28 चा 18 टक्के झाला आणि शोरूमात जत्रा भरली. तोवर माझी बाय कुठल्यातरी यार्डात गुडघाभर गवतात कोकणातला पाऊस झेलत उभी असणार, तेही बहुतेक एखादी काच खाली ठेवून. मग आंघोळ, अत्तर, लाल रिबन. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो. त्या फोटोत मी काय हसतेय!

आणि हो, "पीडीआय (म्हणजे गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी) केली नाहीस का?" म्हणणारे भाऊजी, केली. टायरवरचे आकडे वाचले, किलोमीटर बघितले, रंगावरून बोट फिरवलं. नव्या गाडीत सीटखाली डोकं घालून पालथं पडायचं असतं हे कुणी बोललं नव्हतं.

गाडी घेताना हँडलिंग चार्जेस कसले म्हणून विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच. मडफ्लॅप, परफ्यूम आणि न मागितलेली उशी यांचं 'कम्पल्सरी' किट. वरून 11 टक्के रस्ता कर, कशासाठी, तर 2011 पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा हायवेसाठी!

आता माझी अवस्था अशी की लोक नवी गाडी दाखवायला आले की मी पेढा तोंडात टाकून सरळ टॉर्च घेऊन त्यांच्या सीटखाली. परवा पार्किंगमध्ये आडवी पडले होते तर वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मांजर व्यायली का गो?" त्यांची जुनी खटारा गाडी तपासून बघितली. सीटचे रूळ चकचकीत. काकांशी दिवसभर बोलले नाही.

मेल टाकलाय, फोटोंसकट. रूळ, बोल्ट, बिजागऱ्या बदलून हव्यात, पुसून नकोत. लेखी उत्तर द्या, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला तक्रार. उत्तर नाही आलं. फीडबॅकचा फोन मात्र आला, दहापैकी किती? शून्य म्हटलं. अर्ध्या तासात ॲडव्हायजर लाइनवर. "मॅडम, चुकून शून्य गेलाय का? सरांचा नंबर देता का जरा?"