युनियनची करमाफी तुमच्या खिशात येत नाही

प्राप्तिकर रिटर्नचे दिवस आले की भुसावळ, वरणगाव, दीपनगरकडच्या कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. म्हणे, नोंदणीकृत युनियनला कलम 10(24) खाली करमाफी आहे, म्हणून युनियनकडून आलेलं मानधन, मदत, थकबाकी काहीच रिटर्नमध्ये दाखवू नका. फॉर्म 16 मध्ये ते नसतं, टीडीएस कापलेला नसतो, आणि 50 हजारांच्या आत असेल तर विषयच संपला. कलम खरं आहे, म्हणून तर हा मेसेज लोकांना पटतो.

1961 च्या प्राप्तिकर कायद्यातलं (मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला तोच लागू) हे कलम 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखाली (2025 मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली) नोंदलेल्या युनियनसाठी आहे. तिचं घरभाडं आणि 'इतर स्रोतां'चं उत्पन्न करमुक्त. हॉल लग्नाला भाड्याने दिला, एफडीचं व्याज आलं, तर युनियनला कर नाही. पण त्याच पैशातून खजिनदाराला मानधन दिलं, की ते खजिनदाराचं उत्पन्न. व्हाउचरला रेव्हेन्यू तिकीट लावून सही करणाऱ्या भाऊसाहेबांना त्या कलमात जागा नाही.

फॉर्म 16 चा मुद्दा दोन ओळींचा. तो तुमचा मालक देतो, आणि युनियनने तुम्हाला काय दिलं हे त्याला ठाऊकच नसतं. टीडीएस ही कर वसूल करायची एक पद्धत. तो कापला नाही म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही.

खरी गफलत 50 हजारांत आहे. ती मर्यादा मोबदल्याशिवाय मिळालेल्या रकमेची, म्हणजे भेट, मदत वगैरेची. दर तीन महिन्यांनी 12 हजार मानधन घेणाऱ्याचे वर्षाला 48 हजार होतात आणि तो म्हणतो, "आपण तर आतच आहे नं भो!" पण हे केलेल्या कामाचे पैसे आहेत. पहिल्या रुपयापासून 'इतर स्रोत' या रकान्यात जातात. पगारदाराच्या साध्या 'सहज' फॉर्ममध्येही तो रकाना आहे. प्रवासाचा झालेला खर्च बिलं घेऊन भरून दिला असेल, तर ते मात्र उत्पन्न नव्हे.

मदतीचंही तसंच. साध्या युनियनने ऑपरेशनसाठी 60 हजार दिले, तर वरचे 10 हजार नव्हे, सगळे 60 हजार करपात्र. मर्यादाही एका चेकची नाही, वर्षभरात अशा सगळ्या मार्गांनी आलेल्या रकमेची आहे. आजारी माणसाला हे जाचक आहे, पण कायदा आज असाच आहे. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) कर शून्य येईल. तरी आकडा दाखवायचाच. लपवलेलं उत्पन्न चुकीची माहिती म्हणून धरलं गेलं, तर त्यावरच्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो.

राहिली थकबाकी. खान्देशात बंद गिरण्यांचा इतिहास आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे परका नाही. युनियनने केस जिंकली आणि मालकाकडून आलेले पैसे वाटले, तर चेकवर नाव युनियनचं असलं तरी पैसा पगाराचाच. म्हणून तो 'पगार' या शीर्षाखाली दाखवायचा. त्यातला कामगारकपातीच्या (कामावरून कमी केल्याच्या) भरपाईचा भाग वेगळा काढा. त्याला कलम 10(10ब) खाली, कायद्याने ठरलेल्या हिशेबात, जास्तीत जास्त 5 लाखांपर्यंत सूट आहे. जुन्या वर्षांचा पगार एकदम आल्यामुळे कर वाढला, तर कलम 89 चा दिलासा मिळतो. मेसेजच्या नादाने रक्कमच दाखवली नाही, तर हा दिलासा मागणार कशावर? त्यासाठी फॉर्म 10ई आधी भरा, रिटर्न त्यानंतर.