सडा ओसाड नाही, तुम्ही मे महिन्यात आलात

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला, त्यातले दोन आमच्याच गावाकडचे. सोबत उन्हात तापलेल्या काळ्या कातळाचा, म्हणजे आमच्या सड्याचा फोटो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. मजकूर थोडक्यात असा: ‘कोकणातले सडे म्हणजे महाराष्ट्राचं वाळवंट. तिथे काही उगवत नाही, जनावर राहत नाही, पाणी टिकत नाही. हजारो एकर जमीन कुणाच्याच उपयोगाची नाही. सुरुंग लावून खड्डे घ्या, माती भरा, झाडं लावा, कोकण हिरवं होईल.’ तो पुढे पाठवणाऱ्यांत सड्याखालच्या वाडीत जन्मलेली माणसं आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ‘वाळवंट’ हा शब्द. ढोबळ मानाने वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश वाळवंट. जैसलमेरला तेवढाही पडत नाही. रत्नागिरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चार महिने पाण्यात भिजायचं आणि आठ महिने तव्यावर भाजून निघायचं, असं सड्याचं वर्ष असतं. ज्यांना ते सोसतं तेच तिथे राहतात. आणि खरं तर वाळवंटही ओसाड नसतं. राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या ज्या जमिनीला लोक पडीक म्हणतात तिथे माळढोक राहतो, आणि रिकामी जागा म्हणून तिथून ओढलेल्या विजेच्या तारांना धडकून मरतो.

‘काही उगवत नाही.’ मोठं झाड उगवत नाही, हे खरं. पण जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्या की कातळाच्या भेगांतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. हा कंद कोकणातलाच, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात कोकणचं नाव आहे. महिन्याभरात फुलं संपतात आणि कंद पुढच्या पावसापर्यंत जमिनीत गप्प बसतो. मे महिन्यात फोटो काढणाऱ्याला तो दिसणार कुठून?

श्रावण-भाद्रपदात तर पाऊल टाकायला जागा शोधावी लागते. ओलसर खळग्यांत गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, त्यांच्यामध्ये सीतेची आसवं जांभळी-निळी पसरलेली, कडेला दवबिंदूची लालसर रोपटी. यातली शेवटची दोन्ही किडे खाणारी आहेत. दवबिंदूच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यावर किडा बसला की अडकलाच. सीतेच्या आसवांचा सापळा जमिनीखाली असतो. टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पाण्यासकट आत ओढून घेतात. एवढा खटाटोप कशासाठी? लाखो वर्षं पावसाने खडकातला चुना, पोटॅश, सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तो आपला जांभा. त्याच्यावरच्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नाही. जे मातीत मिळत नाही ते ही झाडं किड्यांच्या अंगातून काढतात.

म्हणून ‘माती भरा, झाडं लावा’ हे वाचून पोटात गोळा येतो. सड्यावरची ही फुलं गरीब मातीवर आणि उघड्या उन्हावर टिकून आहेत. भरीव माती आणि खत आलं की राकट गवत माजतं, वर सावली आली की गेंद आणि आसवं दोन-चार पावसाळ्यांत दिसेनाशी होतात. कातळ उघडा आहे म्हणूनच ती तिथे आहेत. त्याला झाकणं म्हणजे त्यांना पुरणं. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, सुरुंग लावून कलमं लागली, अनेक घरांना त्याने हात दिला. आमच्याही घरात हापूसच्या पेट्या भरल्या जातात. आहेत त्या बागा उपटा, असं मी म्हणत नाही. पण उरलेला प्रत्येक सडा बागेसाठीच जन्माला आला आहे, हे मला मान्य नाही.

‘जनावर राहत नाही’ असं लिहिणाऱ्याने सड्यावरचा एक सुटा दगड उचलून पाहिला नाही, आणि न पाहिला तेच बरं, कारण खाली फुरसं असू शकतं. फुरशाची भीती आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. गवत कापायला गेलेल्या माणसाला ते चावतं तेव्हा जी लस टोचतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून केलेली असते. हाच साप राजस्थानच्या वाळूतही राहतो.

त्याच दगडांखाली एक पांढऱ्या पट्ट्यांची पाल असते, बोटाएवढी. १९६३ साली ती रत्नागिरी जिल्ह्यातून शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवली. तिचा संसार मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, तोही सुट्या दगडांच्या आडोशाने. बागेसाठी सपाटी करताना आधी काय उचलतात? हेच दगड, गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधासाठी. टिटवी तर घरटंसुद्धा बांधत नाही. उघड्या खडीत चार अंडी घालते, ती खड्यांत अशी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत कळत नाही. झाड नसलं की जीव नसतो, ही समजूत कुठून आली कळत नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर गुहेच्या भिंतीला लाळेने घरटी चिकटवून पाकोळ्या पिल्लं वाढवतात, त्यांनाही झाड लागत नाही.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. सड्यावरून बरंच पाणी धावत पऱ्याला आणि तिथून समुद्राला मिळतं. पण जांभा म्हणजे भोकांचा दगड. काही पाणी त्या भोकांतून, भेगांतून खाली झिरपतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. कोकणातल्या इतक्या वाड्या सड्यावर न बसता त्याच्या उतारावर का बसल्या, याचं उत्तर तिथे आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात हे खरंच. मग पाणी जिथून मुरतं ती जागाच सुरुंगाने हादरवायची, हा उपाय कसा?

राहिलं ‘कुणाच्याच उपयोगाची नाही’. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असतं, त्यामुळे हे खरं वाटत असावं. पण पावसाळाभर गुरं सड्यावर चरतात, दिवाळीच्या पुढेमागे तिथलं गवत कापून गंजी रचतात, थोडी माती धरणाऱ्या खळग्यांत भात, नाचणी होते. ही नोंद महसुलात होत नाही, इतकंच.

आणि आपल्या कितीतरी आधी कुणीतरी या कातळाला आपलं मानलं होतं. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जमिनीवरच कोरलेला सुमारे १८ मीटरांचा हत्ती आहे, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी आणि मासे. इतरत्र आज कोकणात नसलेला गेंडाही कोरलेला सापडतो. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी अशा नऊ ठिकाणांची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली आठ महाराष्ट्रातली, एक गोव्यातलं. हे सगळं उघड्या कातळावर आहे, म्हणजे ज्याला हा मजकूर ‘रिकामी जमीन’ म्हणतो त्यावर. शिल्पांच्या खोदीव रेषांत थोडी माती धरते आणि पावसाळ्यात तिथेच गवत उगवतं, त्यामुळे हिरव्या रेघांनी जनावराचा आकार उमटतो. यंदा जुलैत जाऊन बघा, आणि जोडे जपून टाका. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर दोन पावलं मागे या.