दरीकडचं टेबल

सोलापुरात हॉटेल निवडायचे नियम साधे आहेत. बाहेर गाड्या किती लागल्यात, गल्ल्यावर मालक स्वतः बसतो का आणि रस्सा पुन्हा मागितला तर वाढपी तोंड वाकडं करतो का, एवढं बघायचं. खिडकीतून काय दिसतं हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. दिसून दिसणार काय? समोरचं टायरचं दुकान. सात रस्त्याला बसलात तर सातही रस्त्यांची वाहनं. नाही म्हणायला सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीचा तलाव आहे, पण ते दृश्य दर्शनाबरोबर फुकट मिळतं. तिथं कुणी मेनूकार्ड घेऊन मागं लागत नाही.

पण मे महिन्यात पारा 43 ला टेकला की आमच्या घरात महाबळेश्वरचा विषय निघतो, आणि महाबळेश्वर म्हटलं की जेवायचे नियम बदलतात. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांच्या मते डोंगरावर जाऊन चार भिंतींकडे बघत जेवणं म्हणजे गाडीभाडं वाया घालवणं. त्यामुळं यंदा निघायच्या आधीच संशोधन सुरू झालं. रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकलेली, सगळे गरम वाऱ्यात कूस बदलतायत, आणि दाजी मोबाइल छातीवर धरून रिव्ह्यू मोठ्यानं वाचतायत.

"जेवण थंड, सर्व्हिस स्लो, पण व्ह्यू एकदम भारी. पाच स्टार."

"दाजी, पण आपल्याला जेवायचंय ना?" माझ्या बायकोनं अंधारातून विचारलं.

"जेवण घरी रोज असतंय की!"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं, कारण घरचं जेवण करणारी तीच होती.

दृश्यातही जाती-पोटजाती असतात, हे मला त्या गच्चीवर कळलं. सगळ्यांत वरचा 'व्हॅली व्ह्यू'. मग 'लेक व्ह्यू', म्हणजे वेण्णा तलाव, त्यातल्या होड्या आणि काठावरची घोडी. 'हिल व्ह्यू' म्हणजे खिडकीबाहेर एक चढ आणि चढावर कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. 'गार्डन व्ह्यू'ची कुंडी मोजून घ्यावी. आणि या सगळ्यांचा अर्क म्हणजे 'पार्शल व्हॅली व्ह्यू'. यात दरी असते, पण ती बघायला खुर्चीवरून उठून, हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन, मान डावीकडं काढावी लागते.

पहाटे निघालो. पंढरपूर, नातेपुते, फलटण, वाई. पसरणीचा घाट चढताना खिडक्या खाली झाल्या, आईनं पदर कानावरून घेतला आणि दाजींनी तासाला बसलेल्या मुलांना सांगावं तसं आम्हाला सांगितलं, "सोलापूर साडेचारशे मीटरवर. आपण आता साडेतेराशेला चाललो. पाणी इथं 95 अंशालाच उकळतं. लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल." पडलं.

आता या गावात दरीकडचं टेबल इतकं दुर्मिळ का, तर त्याला भूगोल जबाबदार आहे. महाबळेश्वर-पाचगणीचे माथे जांभ्या दगडाचे, वरून सपाट आणि कडेला एकदम तुटलेले. म्हणजे दरी बघायची तर अगदी कडेवरच बसायला हवं. कडेवर जो पहिला आला त्याला दरी मिळाली, त्याच्या मागच्याला त्याची पाण्याची टाकी मिळाली आणि तिसऱ्याला दुसऱ्याच्या मुदपाकखान्याची चिमणी. शिवाय 2001 साली हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि बांधकामावर बंधनं आली. झाडांच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं. पण आठ जणांचं कुटुंब भर दुपारी उपाशीपोटी उभं असताना झाडांच्या बाजूनं विचार करायला मन मोठं लागतं.

खरे हुशार साहेब लोक. 1824 साली लॉडविक नावाचा अधिकारी डोंगर चढून आला, मागोमाग गव्हर्नर माल्कम साहेबानं इथं थंड हवेचं ठाणं वसवलं. मग विल्सन, एल्फिन्स्टन, आर्थर अशी एकेका कड्याला एकेक नावं चिकटली. उत्तमोत्तम जागा हेरल्या, पण एकाही कड्यावर दोन भाकरी मिळायची सोय करून ठेवली नाही. त्यांचा खानसामा डबा घेऊन मागं येत असणार. आमच्यामागं फक्त ड्रायव्हर होता, आणि तोही उपाशी.

पहिल्या ठिकाणी दरी अप्रतिम होती. मिळत होती मॅगी आणि मक्याचं कणीस. दुसऱ्या ठिकाणी सगळं मिळत होतं, आतली निम्मी टेबलं रिकामी होती, पण दारात वही घेऊन बसलेल्या पोरानं सांगितलं, "दरीकडं बसायचं तर तासभर थांबावं लागंल. आत लगेच देतो." त्या दारात आमची कौटुंबिक सभा भरली. आई म्हणाली आत बसू. मी म्हणालो आत बसू. ड्रायव्हर लांबून खुणेनं म्हणाला आत बसा. दाजी म्हणाले, "एवढ्या लांब येऊन आत बसायचं? मग सोलापुरात काय बाहेर बसलो होतो?" तेही खरंच. आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

तिसऱ्या ठिकाणी टेबल मिळालं. दरीला खेटून, आठ खुर्च्यांचं. आता इथं एक गणित आहे, ते कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं. आठ जणांच्या टेबलावर दरी चौघांनाच दिसते. उरलेले चौघे दरीकडं पाठ करून त्या चौघांची तोंडं बघतात. आमच्या पंगतीत बसायचा क्रम मानाप्रमाणं ठरतो, पण मानाची जागा कुठली हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. अक्का म्हणाली, दाजींनी शोधलंय, त्यांना समोर बसू द्या. दाजी म्हणाले, आधी आई. आई म्हणाली, "मला खोल बघितलं की गरगरतंय बाबा. पाठ करूनच बसव." एक जागा सुटली. आमच्या चिरंजीवांनी दरी, डोंगर, आकाश यांकडं न बघता चार्जिंगचं सॉकेट कुठंय ते बघितलं आणि त्याच्या शेजारची खुर्ची पकडली. ती नेमकी दरीसमोरची होती. तिथून त्यानं जेवण होईपर्यंत वर बघितलं नाही. भाचा आणि त्याची नवी नवरी. तिनं "मामी, तुम्ही बसा ना" म्हटलं, बायकोनं "अगं, तू नवीन आहेस, तू बस" म्हटलं. हे इतकं चाललं की वेटर येऊन पाण्याचे ग्लास ठेवून गेला तरी दोघी उभ्याच. शेवटी भाच्यानं तोडगा काढला. कबड्डीसारखं मध्यंतराला बाजू बदलायच्या.

सगळे बसल्यावर लक्षात आलं की दरी दिसत नाहीय. बांबूची चिक खाली सोडलेली होती.

"ही वर घ्या की," दाजी म्हणाले.

"ऊन येतंय साहेब," वेटर म्हणाला. "दुपारनंतर हीच बाजू तापती. सूर्य बुडाला की वर घेतो."

दरी पश्चिमेला, दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, त्यामुळं ज्या बाजूला बघायचं त्याच बाजूनं डोळ्यांत भाला. दाजींना हे शास्त्र नाकारता येईना, पण पैसे दृश्याचे लावलेत म्हणून त्यांनी चिक वर घ्यायला लावली. समोरच्या चौघांनी गॉगल चढवले. शेजारच्या टेबलावरचं गुजराती कुटुंब आमच्याकडं बघू लागलं. आणि दरी? दरीच्या जागी पांढरट धुरकं होतं. मे महिन्यात इथं हवा अशीच असते. पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दाट धुकं, तेव्हा शेजारचं टेबलही धड दिसत नाही. स्वच्छ दिसतं ते दिवाळीनंतर थंडीत, आणि ऐन थंडीत आम्ही सोलापूरकर गड्ड्याची जत्रा सोडून कुठं जातोय?

"तो बघा प्रतापगड," धुरक्यात बोट घालून दाजी म्हणाले. आम्ही सगळ्यांनी "हो हो, दिसतोय" म्हटलं. आईनंही म्हटलं, आणि तिची तर पाठ होती.

जेवण येईना. भाच्यानं दोनदा विचारलं. दाजींनी घाटातला धडा पुन्हा घेतला, पाणी 95 अंशाला उकळतं म्हणून इथं डाळ शिजायला वेळ लागतो. "कुकर नाही का यांच्याकडं?" अक्कानं विचारलं. विज्ञान गप्प झालं.

मग सगळं एकदम आलं. वाऱ्यानं पहिला पापड उचलला आणि गुजराती टेबलावर पोचवला. त्यांनी हसून परत दिला. डाळ गोड होती. 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीच्या बरोबर खाली बसून अक्कानं पर्समधून शेंगा चटणीची पुडी काढली आणि टेबलाखालून फिरवली. निम्मं जेवण होताच दाजींनी "बदला" म्हटलं. आठातले सहा जण ताटं घेऊन उठले. आई हलली नाही, चिरंजीव हलले नाहीत. गर्दीत माझी रोटी भाच्याकडं गेली, त्याची ताकाची वाटी माझ्याकडं आली, आणि नव्या सुनेच्या ताटात कुणाचा तरी उष्टा गुलाबजाम निघाला. तो कुणाचा हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. मी दरीसमोर बसलो तेव्हा धुरकं थोडं अजून दाट झालं होतं.

या सगळ्यात उत्तम दृश्य मिळालं ते आईला. तिच्या समोर मुदपाकखान्याचं दार होतं आणि ते वाढप्यांच्या ये-जा करण्यानं सारखं उघडत होतं.

"त्या पोराचं कणीक मळणं बघ. आमच्याकडं असतं तर हाकलला असता," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "अगं बाई, एकच पातेलं!"

"कसलं?"

"लाल रस्सा एकाच पातेल्यात आहे. त्यातनं तीन कढयांत घातला. एकीत साय टाकली, एकीत मिरच्या, एकीत वाटाणे."

तेवढ्यात वेटरनं आमच्यापुढं पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी आणि मटर पनीर मांडलं. आईनं तिन्ही वाट्यांकडं बघितलं. "घ्या, सख्ख्या बहिणी आल्या," ती म्हणाली. त्यानंतर सगळे आईलाच विचारत होते, आत आता काय चाललंय. दाजीसुद्धा मान वळवून बसले.

बिल बघून मात्र दाजी म्हणाले, रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या पॉइंटजवळ. तिथं दृश्य हमखास, रिव्ह्यू साडेचार स्टार. आम्ही वेळेत निघालो, पण सूर्यास्त बघायला निघालेल्या गाड्यांची रांग एवढी होती की सूर्य आमच्याआधी पोचला आणि आमच्याआधीच गेला. हॉटेलात शिरलो तेव्हा दरीकडची सगळी टेबलं रिकामी होती. जेवण आलं पावणेनऊला. वेटरनं मोठ्या आस्थेनं अंधारात बोट दाखवून सांगितलं की इकडं कोकण आहे.

दाजींनी हार मानली नाही. उभं राहून, मोबाइल आडवा धरून, त्या काळ्याकुट्ट दरीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'डिनर विथ व्हॅली व्ह्यू.'

सोलापुराहून धाकट्या चुलतभावाचं उत्तर लगेच आलं, "तिकडंबी लाईट गेली काय ओ दाजी?"