खोदकाम थांबवायचा हक्क कुणाला?

२०२५च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली. रायगड, शिवनेरी, साल्हेरसह १२ किल्ले यादीत गेले आणि आपल्या सगळ्यांच्या वॉल भगव्या झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. पेढे मीही वाटले. पण त्याच बैठकीत ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मुरुजुगाचंही नाव यादीत गेलं आणि त्याबद्दल माझ्या ओळखीतल्या पुरातत्त्ववाल्यांनीसुद्धा चकार शब्द काढला नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मुरुजुगा म्हणजे तांबूस-काळ्या दगडांच्या राशीच्या राशी आणि त्यांच्यावर अंदाजे १० लाख कोरीव चित्रं. कांगारू, कासवं, माणसांचे चेहरे. थायलसिन नावाचा पट्टेरी शिकारी प्राणीही आहे, जो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे ३००० वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. याच द्वीपकल्पावर नैसर्गिक वायूचा अवाढव्य प्रकल्प उभा आहे आणि ज्या वर्षी वारशाची मोहर उठली त्याच वर्षी त्या प्रकल्पाला २०७० पर्यंत मुदतवाढ मिळाली. युनेस्कोच्या सल्लागार तज्ज्ञांनी तर धूर आणि वायूंच्या मुद्द्यावरून प्रस्ताव परत पाठवावा असंच सुचवलं होतं. दगडांच्या तपासणीत कारखान्यांजवळच्या दगडांची सच्छिद्रता वाढलेली आढळली. सरकारने त्याचं खापर १९७०च्या दशकातल्या जुन्या प्रदूषणावर फोडलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले शैलचित्रांचे प्राध्यापक बेंजामिन स्मिथ यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. यादीत नाव आलं म्हणजे दगड वाचला असं नसतं, हे आपण किल्लेवाल्यांनीही ध्यानात ठेवलेलं बरं.

पण मला खरं बोलायचंय ते खोदकामाबद्दल.

जूकन गॉर्ज ही त्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातली घळ. तिथल्या गुहेत माणसाचा वावर ४६,००० वर्षांपूर्वीपासूनचा. २०१३ मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीला राज्याच्या १९७२च्या कायद्याखाली ती जागा उद्ध्वस्त करायची परवानगी मिळाली. मग २०१४ मध्ये तिथे उत्खनन झालं. नाश होण्याआधी जे वाचवता येईल ते वाचवा, अशा थाटाचं. आणि सापडलं काय? सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा, माणसाच्या केसांच्या पेडांनी विणलेला पट्टा. त्यातल्या डीएनएने त्याचं नातं थेट या जमिनीचे मूळ मालक असलेल्या, आजच्या पूटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा या आदिवासी लोकांशी जोडलं. कांगारूच्या हाडाचं २८,००० वर्षांपूर्वीचं हत्यारही मिळालं. एखाद्या संशोधकाला आयुष्यात एकदाच मिळावं असं घबाड! त्याचा उपयोग शून्य. कारण नवी माहिती हाती आली म्हणून दिलेल्या परवानगीचा फेरविचार करायची सोयच कायद्यात नव्हती आणि मूळ मालकांना अपिलाचा हक्क नव्हता. २४ मे २०२० रोजी सुरुंगांनी ती जागा उडवली. सुमारे ८० लाख टन लोहखनिजासाठी. पुढे चौकशी झाली, कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं. गुहा काही परत येणार नाही.

उत्खनन उत्तम झालं होतं, हे मला जास्त बोचतं.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, काकाडू राष्ट्रीय उद्यानाजवळ, मजेडबेबे नावाचा खडकाचा निवारा आहे. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ख्रिस क्लार्कसन यांच्या चमूने तिथे २०१२ आणि २०१५ मध्ये खोदलं. जमीन मिरार या आदिवासी लोकांची. त्यांच्या संस्थेबरोबरच्या करारात स्पष्ट होतं की खोदकाम कधीही थांबवायचा अधिकार मिरारांचा. म्हणजे मधल्या थरात हवी ती गोष्ट दिसू लागली असताना कुणी येऊन ‘बस झालं’ म्हटलं तर खुरपी खाली ठेवायची. तरी काम झालं. घासून धार केलेल्या कुऱ्हाडी, गेरू, दळायचे दगड मिळाले आणि २०१७ मध्ये तिथल्या मानवी वावराची ६५,००० वर्षांपूर्वीची तारीख जाहीर झाली. ती तारीख सगळ्यांना मान्य नाही, वाद चालू आहे, चालू दे. पण स्थानिकांना नकाराचा अधिकार दिला की संशोधन बुडतं, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरा बघावं. ही जागा जाबिलुका युरेनियम खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीत येत होती. ती खाण अडवायला मिरारांच्या नेत्या यव्होन मार्गारुला आणि त्यांचे लोक १९९८ मध्ये रस्त्यावर उतरले होते. २०२४ मध्ये सरकारने त्या भाडेपट्ट्याची मुदत वाढवायला नकार दिला. बाहेरच्यांना ‘नाही’ म्हणायची सवय असलेल्या लोकांनीच विद्यापीठाला ‘या’ म्हटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले. चर कसा आखायचा, थर कसे वाचायचे, खापरांवर क्रमांक कसे घालायचे, हे सगळं आम्हाला घोटून घोटून शिकवलं आणि चांगलं शिकवलं. गावच्या सरपंचांना मात्र आम्ही भेटायचो ते मजूर आणि पाण्याच्या टँकरसाठी. ऑस्ट्रेलियात आज विद्यार्थ्यांची फील्ड स्कूल्स मूळ मालकांच्या संमतीने आणि त्यांच्या सोबतीने चालतात. कुठल्या चित्राचा फोटो छापायचा नाही, कुठल्या जागी फक्त बायकांनी किंवा फक्त पुरुषांनी जायचं, हे तेच सांगतात. आपल्याकडचे काहीजण याला ‘भावनांचं राजकारण’ म्हणतील. म्हणू देत. मंगो सरोवराकाठी १९७४ मध्ये सापडलेला, सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा कॅनबेराच्या विद्यापीठात गेला आणि त्याच्या लोकांना तो २०१७ मध्ये परत मिळाला. तेव्हाही संशोधकांच्या भावना होत्याच की!

आता कोकण. आपल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा, आठ महाराष्ट्रातल्या आणि एक गोव्यातली, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यातलंच एक बारसू. २०२३च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या सर्वेक्षणाविरुद्ध तिथल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं. जागा संरक्षित करायची की नाही हे आपल्याकडे सरकार ठरवतं. वाडीला त्यात मत मांडता येतं, रोखण्याचा अधिकार नाही. कायदा बदलायला वेळ लागेल, पण विद्यापीठांना कुणी अडवलंय? यंदाच्या हिवाळ्यात सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, विद्यार्थी आणणाऱ्या विभागांना माझी मागणी आहे: सरकारी परवानगीबरोबर वाडीशीही लेखी करार करा, त्यात काम थांबवण्याचं कलम घाला आणि त्या कराराचा मसुदा विद्यार्थ्यांनाच वाडीत बसून लिहू द्या. हवं तर त्याला २० गुण ठेवा, म्हणजे तरी मन लावून लिहितील.